ई-टाइप की ९११? आधी गॅरेजची लांबी मोजा

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेस्टरला घर आहे, घराला लागून एका गाडीचं गॅरेज आहे, मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत, आणि पन्नाशी गाठायच्या आत एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची हे आता घरातही मंजूर झालंय. दोन गाड्या तुम्ही हेरून ठेवल्यात. एक १९६६ ची जग्वार ई-टाइप, ४.२ लिटरची कूपे (म्हणजे बंद छपराची), नव्वदच्या दशकात पूर्ण उघडून पुन्हा बांधलेली. दुसरी १९७२ ची पोर्शे ९११ टी, २.४ लिटर, कॅलिफोर्नियात आयुष्य काढून इकडे आलेली, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. मालकांनी मागितलेली किंमत जवळपास सारखी. चालवायचीही आहे आणि दहा वर्षांनी विकावी लागली तर पैसे बुडायला नकोत. तर कोणती?

मी सत्तावीस वर्षं इथे इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये याच दोन जातींच्या गाड्यांखाली आडवा पडतोय. त्याआधी कोल्हापूरला उद्यमनगरात वडिलांच्या गॅरेजमध्ये अँबॅसिडर आणि पद्मिनी उघडून बांधल्या. त्यामुळे माझं उत्तर मेस्त्रीचं आहे, विकणाऱ्याचं नाही. आणि ते आधीच सांगून टाकतो: ज्याला गाडीत हात घालायची हौस आहे त्याने ई-टाइप घ्यावी, ज्याला चावी फिरवून निघायचं आहे त्याने ९११. किती वेगाने पळते, कोण जास्त देखणी, या गप्पा चहाबरोबर ठीक आहेत. तुम्ही पत्रात “मला स्क्रू ड्रायव्हर धरता येत नाही” असं स्वतःच लिहिलंय, तिथेच निम्मा निकाल लागला. पण उरलेला निम्मा त्या दोन नेमक्या गाड्यांवर अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ई-टाइपची बाजू, कारण तिची बदनामी फार झालीय. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. चालवून बघायला इतकी झुंबड उडाली की जग्वारचे टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस यांना दुसरी गाडी घेऊन कॉव्हेंट्रीहून रातोरात जिनिव्हा गाठायला सांगितलं, आणि त्यांनी ते केलं. म्हणजे गाडी मुळात नाजूक नव्हती. तिचं ते सहा सिलिंडरचं एक्सके जातीचं इंजिन १९४८ पासून रस्त्यावर होतं, ल मांची शर्यत जिंकलेल्या सी-टाइप आणि डी-टाइप गाड्यांत त्याच जातीचं, आणि पुढे डेमलरच्या लिमोझिनमध्ये १९९२ पर्यंत ते चालू होतं. वाईट इंजिन इतकं जगत नाही. ई-टाइपचं वाईट झालं ते नंतर. सत्तरच्या दशकात ती स्वस्त जुनी गाडी झाली, घेणाऱ्यांकडे ती सांभाळायचे पैसे नव्हते, आणि गल्लीतल्या मेस्त्रीने मिळेल तो पत्रा ठोकून ती पुढे ढकलली. आज आपल्या हातात येतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर ही मलमपट्टी अजून शिल्लक असते.

तुमची ४.२ आहे हे चांगलं. त्याआधीच्या ३.८ ला पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर खरखर न करता पडावा म्हणून असलेली सोय) नव्हता, सीट्स कडक होत्या आणि बॅटरी भरायला जुना डायनमो होता. १९६४ च्या शेवटी ४.२ आली तिला सगळ्या गिअरना सिंक्रो, बसण्याजोग्या सीट्स, बरे ब्रेक आणि अल्टरनेटर मिळाला. संग्राहक पहिल्या ३.८ च्या मागे धावतात, त्यातही सपाट तळाच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांसाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. चालवणारा माणूस ४.२ च घेतो. १९६८ नंतरच्या दुसऱ्या मालिकेत हेडलाइटवरची काच गेली, तोंड मोठं झालं, मागचे दिवे बंपरखाली गेले. १९७१ ला बारा सिलिंडरची तिसरी मालिका आली, ती वेगळीच गाडी आहे, मऊ आणि जड. तुमच्यासाठी तो विषय नाही.

आता ई-टाइपची रचना समजून घ्या, कारण खर्च तिथून येतो. मधला भाग, म्हणजे आपण बसतो तो, पत्र्याचा डबा आहे. त्याच्या पुढे चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा बोल्टांनी जोडलाय, आणि इंजिन, पुढची चाकं, ते अवाढव्य बॉनेट, सगळं त्या सांगाड्यावर. नळ्या आतून गंजतात. बाहेरून रंग चकाचक असतो आणि आत भुसा. माझ्याकडे एक गाडी आली होती, मालकाने नुकतीच घेतलेली, प्रदर्शनात उभी करावी अशी. मी पुढच्या नळीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारली. चांगल्या नळीचा आवाज घंटेसारखा येतो. ही “ठक” म्हणाली, फुटक्या माठासारखी. टोक थोडं दाबलं तर आत गेलं. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. नळ्या नव्या मिळतात, हो, पण त्या बदलायच्या म्हणजे इंजिन खाली, बॉनेट बाजूला, आणि मग सगळं परत जुळवत बसायचं.

दरवाजाखालच्या भागाला इकडे सिल म्हणतात. मी मनात अजून उंबराच म्हणतो. ई-टाइपचा उंबरा शोभेचा नाही, गाडीचं बळ त्याच्यात आहे. नव्वदच्या दशकात बांधली म्हणजे नवे उंबरे घातले असतील, पण ते घालताना गाडी नीट आधारावर धरली होती का? धरली नसेल तर मधला डबा किंचित वाकतो आणि तसाच वेल्ड होतो. ओळखायचं कसं? दार उघडा, थोडं वर उचलून सोडा, हळू बंद करा. दाराची मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर करंगळी आणि खाली अंगठा मावत असेल तर हात जोडून बाहेर पडा. मागच्या चाकांना धरून ठेवणारे दोन लांब आर्म असतात, ते सीटच्या मागे तळात जिथे घुसतात त्या वाट्या बघा. तिथे पाणी साचतं.

बॉनेटबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. ते एकसंध दिसतं, पण मधला भाग, दोन्ही पंख आणि खालचा भाग वेगवेगळे आहेत, बोल्टांनी जोडलेले, आणि जोडावर क्रोमची पट्टी. ते पुढच्या बाजूला उलगडतं. एखाद्याने पार्किंगमध्ये नाक टेकवलं की सगळं गणित हलतं. चांगल्या बॉनेटची फट सगळीकडून सारखी बसवायला आमच्याकडे कधी कधी आठवडा जातो. म्हणून बॉनेटच्या फटी हे त्या गाडीचं पासबुक समजा.

मागचे ब्रेक चाकात नाहीत, आत, डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) चिकटून आहेत. चाकांचं वजन कमी व्हावं म्हणून केलेली हुशारी. त्या काळी या मागच्या सस्पेन्शनने जग्वारला मोठा मान मिळवून दिला, आणि खड्ड्यावरून जाताना आजही कळतं की का. पण डिफरन्शियलच्या सीलमधून तेल गळलं की ते सरळ डिस्कवर. आणि ते काम नीट करायचं तर चौकटीसकट सगळा मागचा संच खाली उतरवावा लागतो. क्लचचंही तसंच: इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढल्याशिवाय क्लच बदलता येत नाही. हात बसलेल्या माणसालाही दोन-तीन दिवस सहज लागतात. क्लच प्लेटची किंमत विचारून खूश होणारे मालक मजुरी ऐकून गप्प होतात.

आणि तरीही मला ही गाडी आवडते. का ते सांगतो. तिच्या तीन एसयू कार्बोरेटरना (इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारे ते) एका लयीत आणायचं काम मी आजही कुणाला देत नाही. इंजिन गरम करायचं, एअर फिल्टरचा डबा काढायचा, हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. तिन्हींचा सूर एक होईपर्यंत स्क्रू पाव पाव फेरी फिरवत राहायचं. तंबोरा लावतात तसं. कार्बोरेटरच्या माथ्यावर डॅशपॉट नावाचं नळकांडं असतं, त्यातलं पातळ तेल संपलं असेल तर रेस दिल्यावर गाडी खोकते, आणि मालक म्हणतो कार्बोरेटर गेले. दोन चमचे तेलाचा प्रश्न असतो. हे सगळं मालकाने शिकून घेतलं, रविवारची सकाळ त्यात घालवायची त्याला मजा वाटली, तर ई-टाइपसारखी गाडी नाही. नुसती चालवायची असेल तर दर सहा महिन्यांनी माझ्यासारख्याकडे यावं लागणार. मला काही हरकत नाही, बिल तुमचं.

चालवायला ती कशी आहे? बसल्यावर समोर एवढं लांब बॉनेट की आपण मागच्या खोलीत बसून पुढच्या अंगणात गाडी चालवतोय असं वाटतं. ओढ मात्र जबरदस्त, चौथ्या गिअरमध्ये अगदी कमी फेऱ्यांवर रेस द्या, ती कुरकुर न करता निघते. कंपनीने २६५ अश्वशक्ती सांगितली होती, ती त्या काळच्या पद्धतीने उघड्या इंजिनावर मोजलेली, तेव्हा तो आकडा मनावर घेऊ नका. मोटरवेवर तासन्‌तास आरामात जाणारी गाडी आहे ती. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये मात्र नजर तापमानाच्या काट्यावर ठेवावी लागते. रेडिएटर स्वच्छ आणि पंखा वेळेवर सुरू होणारा हवा. मागच्या टोकाला क्रँकवर दोरीचं सील असतं, तिथून थोडं तेल ठिबकणारच. खाली पुठ्ठा टाकून ठेवायचा.

आता पोर्शे. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला ती ९०१ या नावाने दाखवली होती. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक फ्रान्समध्ये प्यूजोचे, म्हणून हरकत आली आणि ९०१ ची ९११ झाली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, सहा सिलिंडर आडवे झोपलेले, तीन इकडे तीन तिकडे, आणि थंड करायला पाणी नाही, पंख्याची हवा आणि भरपूर तेल. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज नाही. जुन्या गाडीतल्या निम्म्या रस्त्यावरच्या फजित्या पाण्यामुळे होतात. त्या इथे जन्मालाच येत नाहीत. इंजिन खाली उतरवायचं तर चार मुख्य बोल्ट, काही वायरी आणि नळ्या, खालून जॅक, आणि गाडी वर उचला. आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी सुरू केलं की जेवणाच्या सुटीपर्यंत इंजिन जमिनीवर.

तुमच्या गाडीचं वर्ष नशिबाचं आहे. १९७२ ला इंजिन २.२ चं २.४ झालं (खरं तर २३४१ सीसी, पण कंपनीने मागच्या झाकणावर २.४ लिहिलं), नवा ९१५ गिअरबॉक्स आला ज्यात पहिला गिअर सरळ जागी आहे, आणि फक्त याच एका मॉडेल वर्षात तेलाची टाकी मागच्या उजव्या चाकाच्या पुढे आणून ठेवली होती. त्यामुळे उजव्या दाराच्या मागे एक छोटं झाकण आहे, तेल भरायचं. कल्पना चांगली होती, वजन थोडं पुढे यावं म्हणून. पण पंपावरची पोरं त्यात पेट्रोल ओतायला लागली. पुढच्याच वर्षी कंपनीने टाकी परत मागे नेली. आज ते झाकण बघून ओळखणारे लोक गाडीभोवती गोळा होतात. चॅसी नंबर ९११ ने सुरू होईल, चौथा आकडा २ म्हणजे १९७२, आणि सहावा ० म्हणजे कूपे, १ म्हणजे टार्गा, छप्पर काढता येणारी. पुढच्या डिकीत कोरलेला नंबर कागदाशी ताडून बघा.

अमेरिकेसाठीच्या १९७२ च्या टी मध्ये कार्बोरेटर नव्हते, बॉशचं मेकॅनिकल इंजेक्शन, म्हणजे पंपाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा होती, १४० अश्वशक्ती. युरोपातल्या टी ला कार्बोरेटर आणि १३०. म्हणजे तुमच्या गाडीत डाव्या कॅमशाफ्टवरून दात्यांच्या पट्ट्याने फिरणारा सहा पिस्टनचा पंप असायला हवा. असायला हवा म्हणतोय, कारण पूर्वी कुणाला ते लावता येईना म्हणून अनेकांनी काढून वेबर कार्बोरेटर बसवले. गाडी त्यावरही छान पळते, पण मूळ पंप गेला असेल तर किंमतीत ते दिसायला हवं. आणि पंप असेल तर तो बरा आहे ना हे कागदावर दाखवा म्हणावं. बरा असलेला तो पंप पायाच्या अंगठ्याला असा लागतो की बास. झिजलेला असला की गाडी काळा धूर सोडते आणि पेट्रोल पिते, आणि दुरुस्ती करणारे हात मोजके आहेत.

९११ चं दुखणं इंजिनात कमी, पत्र्यात जास्त. पोर्शेने १९७६ च्या मॉडेलपासून संपूर्ण बॉडी जस्ताच्या लेपाची केली. त्याआधी संपूर्ण बॉडीला तो लेप नव्हता. म्हणून “जर्मन गाडी आहे, गंजत नाही” हे १९७२ च्या गाडीबद्दल कुणी बोललं तर त्याला तुमच्या क्लिनिकमध्ये तपासायला बोलवा. पुढची डिकी उघडा, गालिचा बाजूला करा. दोन्ही कोपऱ्यांत बॅटऱ्या असतात. ॲसिड सांडून तिथून खाली झिरपतं. मग गाडी वर उचलून पुढच्या सस्पेन्शनचा तळ बघा. मागच्या सीटखाली आडवी जाड नळी जाते, टॉर्शन बारची, तिच्या दोन्ही टोकांशी उंबरा जिथे मिळतो तिथे बोट फिरवा. पातळ कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक खिशात ठेवा. दाराच्या मागच्या खांबाच्या खालच्या कोपऱ्यात तो चिकटला नाही तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. कॅलिफोर्नियाची गाडी म्हणून तळ कोरडा मिळण्याची शक्यता बरी आहे, पण डॅशबोर्डला उन्हाने भेगा असतील आणि रबरं वाळलेली असतील. ती चालतील. भेगा दुरुस्त होतात, कुजलेला तळ दुरुस्त करताना अर्धी गाडी नवी होते.

टॉर्शन बार म्हणजे पीळ बसणारा पोलादी दांडा, स्प्रिंगचं काम करतो. अँबॅसिडरच्या पुढच्या चाकांनाही तेच होते. वडील तो दांडा एक दाता सरकवून गाडीची उंची बसवायचे. ई-टाइपच्या पुढे आणि ९११ च्या चारही बाजूंना तीच कल्पना. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला ते काम दिलं आणि मी न विचारता केलं, तेव्हा मुख्य मेस्त्रीला वाटलं मी खूप शिकून आलोय. मी उद्यमनगरातून आलो होतो.

इंजिनात दोन गोष्टी बघा. टायमिंग चेन ताणून धरणारे जुने टेन्शनर दगा देतात. १९८४ पासून कंपनीने तेलाच्या दाबावर चालणारे दिले, आणि ते जुन्या इंजिनात बसवता येतात. बसवले असतील तर बिल मागा. दुसरं हीटर. हवा एक्झॉस्टच्या गरम नळ्यांभोवतीच्या डब्यातून फिरून आत येते. डबा कुजला तर एक्झॉस्टचा वायू केबिनमध्ये येतो. मुलं मागे बसणार असतील तर ही बाब पहिल्या क्रमांकावर ठेवा, खड्ड्यात गेली मूळ रंगाची चर्चा. हीटर पूर्ण उघडून वीस मिनिटं चालवा, काचा बंद. डोकं जड झालं किंवा वास आला तर आधी ते काम.

तेल मोजायची पद्धत वेगळी आहे आणि ती चुकवून मी स्वतः तोंडघशी पडलोय. ड्राय सम्प आहे, तेल इंजिनखाली साचत नाही, वेगळ्या टाकीत असतं. मोजायचं ते इंजिन पूर्ण गरम असताना, चालू असताना, सपाट जागेवर. इथे नवा असताना मी थंड गाडीची डिपस्टिक काढली, कोरडी, घाबरून जवळजवळ दोन लिटर ओतलं. गाडी गरम झाल्यावर जास्तीचं तेल श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये गेलं आणि अख्ख्या रस्त्यावर पांढरा धूर. शेजारच्या दुकानातली बाई अग्निशमन दलाला फोन करायला निघाली होती. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक ९११ च्या झाकणाच्या आत मी चिठ्ठी चिकटवतो.

९११ वळणात उलटते, मागून फिरते, अशी दहशत तुम्ही वाचली असेल. पहिल्या वर्षांच्या गाड्या खरंच चंचल होत्या. कंपनीने तेव्हा पुढच्या बंपरमध्ये लोखंडाची वजनं टाकून बघितली. १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली आणि गाडी शांत झाली. तुमची त्यानंतरची आहे. तरी एक नियम हाडात भिनवा: वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करा. आत शिरल्यावर घाबरून रेस सोडली की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं बूड बाहेर पडतं. रेस हलकी धरून ठेवली तर तीच गाडी मागच्या चाकांवर बसून वळणातून ओढून काढते. वेल्समध्ये स्नोडोनियाच्या बाजूला ओल्या रस्त्यावर ९११ इतका विश्वास मला दुसऱ्या कुठल्या जुन्या गाडीने दिला नाही. ब्रेकला सर्वो, म्हणजे पायाला जोर देणारी यंत्रणा नाही, पाय घट्ट दाबायचा. दोन दिवसात सवय होते. टायरची हवा पुढे कमी, मागे जास्त. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांच्या वरचे टायर दोन्ही गाड्यांवर आधी काढून टाका.

आता तुमच्या घराकडे येतो. ई-टाइप कूपे दोन माणसांची गाडी आहे. मागचा दरवाजा कपाटासारखा बाजूला उघडतो, सामान भरपूर बसतं, पण मुलं कुठे बसवणार? १९६६ पासून मागे छोट्या सीट्सची लांब गाडी निघाली होती. तुमची ती नाही, आणि त्या गाडीचं छप्पर बघितल्यावर तुम्हाला ती नको होईल. ९११ च्या मागच्या दोन वाटीसारख्या छोट्या सीट्समध्ये सहा आणि नऊ वर्षांची मुलं पाच-सहा वर्षं आरामात बसतील, पट्टे बसवून घ्या. आणि गॅरेज. ई-टाइप साडेचार मीटरला पाचच सेंटिमीटर कमी. जुन्या इंग्रजी घराचं गॅरेज पाच मीटरच्या आसपास असतं. गाडी आत जाईल, पण बॉनेट पुढे उलगडायला जागा उरणार नाही. म्हणजे तेल बघायचं तरी गाडी बाहेर ढकलायची, पावसात. ९११ तीसेक सेंटिमीटर आखूड आहे आणि तिचं इंजिन दारातून बाहेर तोंड करून असतं. हसू नका, माझ्या दोन गिऱ्हाइकांनी या एका कारणासाठी ई-टाइप विकली.

पैशांचं. कोणत्याही मेस्त्रीने दहा वर्षांनंतरचा भाव सांगितला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माझा अंदाज एवढाच: ई-टाइप एकूण बहात्तर हजारांच्या वर बनल्या, त्यातल्या बऱ्याच अजून आहेत, आणि तिच्यासाठी जीव टाकणारी पिढी, म्हणजे साठच्या दशकात शाळेत असलेली, आता गाड्या विकण्याच्या वयात आहे. ९११ घेणारे चाळिशी-पन्नाशीचे आहेत. म्हणून चांगल्या, पण सर्वोत्तम नसलेल्या ई-टाइपचा भाव मला जास्त डळमळीत वाटतो. उलट बाजूने, टी हे ९११ मधलं तळाचं मॉडेल. एस किंवा १९७३ ची कॅरेरा आरएस यांच्या बरोबरीने ती कधी चढणार नाही, आणि डावं स्टिअरिंग इंग्लंडमध्ये थोडं मागे पडतं, युरोपात विकायला उपयोगी पडतं. ई-टाइपच्या बाबतीत नंबर बघा: ४.२ कूपेचा चॅसी नंबर १ई२ ने सुरू होत असेल तर ती जन्मतः उजव्या स्टिअरिंगची, १ई३ ने असेल तर डाव्याची आणि नंतर बदललेली. बदल सोपा असतो, दिसतही नाही, म्हणूनच नंबर बघायचा. जग्वारच्या वारसा संस्थेकडून मूळ इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे नंबर आणि रंग लिहिलेलं प्रमाणपत्र मिळतं. विकणारा ते नाही म्हणाला तर तुम्ही काढा.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि फारसे बदल केले नसतील तर एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यालायक आहे का याची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. ती सवलत घेऊ नका. वर्षातून एकदा कुणीतरी परका माणूस गाडीखाली बघतो, त्याचे पैसे वसूल असतात. पेट्रोल सुपरच भरा. सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं आहे आणि ते जुन्या रबरी नळ्या खातं. नळ्या तशाही नव्या घाला, दोन्हींपैकी कोणतीही घेतली तरी. विमा ठरवलेल्या किमतीवर घ्या, फोटो आणि बिलं जोडून.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत ९११, तळ कोरडा निघाला आणि इंजेक्शन पंप जागेवर असला तर. तळात पुट्टी निघाली तर मात्र ई-टाइपकडे वळू नका, दुसरी ९११ शोधा. १९७८ ते ८३ मधली ३ लिटरची एससी जस्ताच्या बॉडीची आहे, ॲल्युमिनियमच्या इंजिनाची आहे, तुमच्या टी पेक्षा स्वस्तात मिळेल आणि रोज चालवाल. संग्राहक नाक मुरडतील. त्यांची मुलं मागे बसणार नाहीयेत. ई-टाइपची ओढ तरीही सुटत नसेल तर आधी आमच्यासारख्या कुठल्याही गॅरेजमध्ये एक रविवार येऊन कार्बोरेटर लावताना शेजारी उभे राहा, नळी कानाला लावून बघा. हात काळे झाल्यावर बरं वाटलं तर फोन करा, मग वेगळं बोलू.

शनिवारी बघायला जाल तेव्हा दोघांनाही आदल्या दिवशी एकच गोष्ट सांगा: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिनाचा पहिला अर्धा मिनिट सगळं सांगतो. पोर्शे पहिल्यांदा थोडा निळा धूर सोडेल, झोपलेल्या सिलिंडरमध्ये तेल झिरपतं, ते चालतं. मागून साखळीची खळखळ आली आणि थांबली नाही तर ते चालत नाही. जग्वारचा तेलाच्या दाबाचा काटा गरम झाल्यावर तीन हजार फेऱ्यांना चाळीस पौंडांच्या खाली नको. पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार होईपर्यंत सहज हात ठेवून बघा, जग्वारच्या बॉनेटवर, पोर्शेच्या मागच्या झाकणावर. पत्रा कोमट लागला तर काही बोलू नका. चहा घ्या, गाडी छान आहे म्हणा, आणि पुढच्या शनिवारी न सांगता तासभर लवकर जा.